यतीमाचं डोकं आणि कोहळा

हजामत हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की तो कुठून आला, याचा विचार कुणी करत नाही. तो मूळचा अरबी आहे आणि त्याचा मूळ अर्थ केस कापणं असा नव्हे. अरबीत 'हिजामा' म्हणजे तुंबडी लावून अंगातलं रक्त काढणं, आणि ते काम करणारा तो हज्जाम. जुन्या काळी वस्तरा ज्याच्या हाती, त्याच्याकडेच ही बारीकसारीक शस्त्रक्रियाही असे. पुढे शस्त्रक्रिया डॉक्टरांकडे गेली आणि हज्जामाकडे दाढी-डोकं तेवढं उरलं. या हज्जामावरून अरबीत एक म्हण पडली आहे. तिचा भावार्थ असा, की हा गडी यतीमांच्या डोक्यावर हात शिकतो. यतीम म्हणजे अनाथ पोर. त्याचं डोकं कापलं, रक्त आलं, तरी भांडायला कोण येणार? आई नाही, बाप नाही. तेव्हा शिकाऊ हात चालवायचा तो त्याच्यावरच.

ही म्हण मला मोठी बोचरी वाटते, कारण वैद्यकाच्या इतिहासातला एक जुना प्रश्न तिच्यात दडला आहे. वैद्याचा हात शिकणार कुणावर? आईच्या पोटातून कुणी सर्जन होऊन येत नाही. पहिला छेद कुठे तरी द्यावा लागतो, पहिली गाठ कुठे तरी मारावी लागते. तो पहिला, चाचपडणारा हात कुणाच्या अंगावर पडायचा, हे ठरवताना जगाने बहुतेक वेळा यतीमाचंच डोकं पुढे केलं आहे. ज्याच्याकडे पैसा नाही, ओळख नाही, तो शिकाऊ हाताखाली आधी येतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेमुळे हा प्रश्न आपल्या पिढीत नव्याने उभा राहिला, आणि त्याचं एक साधं, कमी खर्चाचं उत्तरही सापडलं. मी बी.ए. झालेला, कवितेचा माणूस. वैद्यक मला वाचून आणि विचारून जेवढं कळलं तेवढंच. पण या उत्तराचा इतिहास असा आहे, की तो सर्वांना ठाऊक असावा.

त्याची सुरुवात आपल्याच देशात होते. सुश्रुतसंहिता हा ग्रंथ दोन हजार वर्षांच्या आसपासचा मानला जातो. त्यात पुढेही भर पडत गेली. त्याच्या सूत्रस्थानातला नववा अध्याय केवळ सरावावर आहे. शिष्य सगळं शास्त्र शिकला असला तरी त्याच्याकडून आधी हाताचा सराव करून घ्यावा, असं तिथे सांगितलं आहे, आणि मग एक यादी येते. ती वाचताना आपण वैद्याच्या पाठशाळेत आहोत की आठवडी बाजारात, असा प्रश्न पडतो. कापण्याचा सराव कोहळा, दुधी, कलिंगड आणि काकडीवर. भोक पाडून आतलं बाहेर काढण्याचा, पाण्याने किंवा चिखलाने भरलेल्या पखालीवर. खरवडण्याचा, केसाळ कातडं ताणून त्यावर. शीर वेधण्याचा, मेलेल्या जनावराच्या शिरेवर आणि कमळाच्या देठावर. जखमेत सळई घालून तळ शोधण्याचा, किड्याने पोखरलेल्या लाकडावर आणि बांबूच्या नळीवर. रुतलेलं ओढून काढण्याचा, फणस, तोंडलं आणि बेलाच्या गरावर. टाके घालण्याचा, जाड-पातळ कापडाच्या काठांवर आणि मऊ चामड्यावर. पट्टी बांधण्याचा, बाहुल्यावर.

या सरावाला संस्कृतात शब्द आहे 'योग्या'. पुष्कळ ऐकलं-वाचलं असूनही ज्याने योग्या केलेली नाही, तो कामाला अयोग्यच, असं ग्रंथकार बजावतो. आपण 'योग्य उमेदवार', 'योग्य माणूस' असं सहज म्हणतो. त्या शब्दाच्या शेजारीच हाताचा सराव बसलेला आहे, हे तो अध्याय वाचेपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आणि ही योग्या करायला राजाचा खजिना लागत नव्हता. कोहळा बिघडला तर बिघडला, दुसरा आणता येतो.

हे ज्ञान आपल्याकडेच कोंडून राहिलं नाही. आठव्या शतकाच्या अखेरीस बगदादमध्ये खलिफा हारून अल-रशीदचा वजीर याह्या बिन खालिद बर्मकी याने मंका नावाच्या भारतीय वैद्याकडून सुश्रुताचा ग्रंथ अरबीत आणवला. दहाव्या शतकातल्या इब्न अल-नदीमने आपल्या ग्रंथसूचीत त्याची नोंद केली आहे. त्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी स्पेनमधल्या कुर्तुबा शहराजवळ अल-जहरावी हा मोठा शल्यवैद्य होऊन गेला. त्याच्या 'किताब अल-तसरीफ' या ग्रंथाचा तिसावा भाग शस्त्रक्रियेचा आहे आणि त्यात सुमारे दोनशे हत्यारांच्या आकृत्या आहेत. त्या भागाच्या आरंभीच तो वाचकाला सावध करतो. शरीररचना न शिकलेल्या एका वैद्याने एका बाईच्या मानेवरची गाठ कापली, मोठी रक्तवाहिनी तुटली आणि ती बाई त्याच्यासमोरच रक्त वाहून मेली, ही हकिगत तो सांगतो. हजार वर्षांपूर्वीचा लेखक शस्त्रांची चित्रं दाखवण्याआधी अडाणी हाताची गोष्ट सांगतो, यावरून त्याची काळजी काय होती ते कळतं.

आपल्या महाराष्ट्रातलीही एक हकिगत इथे सांगितली पाहिजे. १७९२ च्या म्हैसूरच्या युद्धात इंग्रजांच्या सैन्याबरोबर बैल हाकणारा एक मराठी शेतकरी टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. इंग्रजी कागदांत त्याचं नाव कावसजी असं छापलं गेलं आहे. त्याचं नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभराने पुण्याजवळच्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक बसवलं. हा कारागीर विटा भाजणाऱ्या जातीतला होता, एवढीच नोंद आहे. त्याचं नाव लिहून ठेवावं असं कुणाला वाटलं नाही. त्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. तो आधी मेणाच्या पातळ पत्र्याचं नाक घडवी, ते उलगडून कपाळावर सपाट ठेवी आणि त्याच्या कडेने कातडी आखून घेई. म्हणजे माणसाच्या कातडीला शस्त्र लागण्याआधी मेणावर सगळा हिशेब पुरा होई. मुंबई इलाख्याच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे पाहिलं आणि १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये त्याची हकिगत प्रसिद्ध झाली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या लंडनच्या सर्जनने आधी मृतदेहांवर सराव केला आणि १८१४ साली जिवंत माणसावर ही शस्त्रक्रिया केली.

आता दुर्बिणीकडे येऊ. माझ्या थोरल्या बहिणीचं, आमच्या आपाचं, पित्ताशयाचं ऑपरेशन जुन्या पद्धतीने झालं होतं. उजव्या बरगडीखाली वीतभर टाके, दहा दिवस खाटेवर आणि पुढे दोन महिने घागर उचलायची नाही. आज तेच काम पोटाला तीन-चार बारीक छिद्रं पाडून होतं. पोटात वायू भरून आत जागा करतात, एका छिद्रातून कॅमेरा जोडलेली दुर्बीण घालतात, बाकीच्यांतून लांब दांड्याची हत्यारं, आणि सर्जन पडद्याकडे पाहत काम करतो. रोगी बहुधा एक-दोन दिवसांत घरी जातो. आपल्या भागातल्या माणसाला याचं मोल वेगळं सांगायला नको. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचे दोन महिने वाचले म्हणजे तिच्या घरातला अर्धा हंगाम वाचला.

ही पद्धतही सरळ माणसावर आली नाही. १९०१ साली जर्मनीत गेओर्ग केलिंग याने कुत्र्याच्या पोटात हवा भरून आत डोकावून दाखवलं. १९१० साली स्वीडनच्या याकोबेयुसने माणसाच्या पोटात पाहिलं. पुढची कित्येक वर्षं ही दुर्बीण मुख्यतः पाहण्यापुरतीच होती. पुढे जर्मनीतल्या कील शहराचे स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट झेम यांनी १९८० साली तिच्या साहाय्याने आंत्रपुच्छ काढलं, १९८५ मध्ये एरिक म्यूहे यांनी पित्ताशय. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया १९७२ पासून दुर्बिणीने पोटाची तपासणी करत होते. ३१ मे १९९० रोजी त्याच रुग्णालयात त्यांनी भारतातली पित्ताशयाची पहिली दुर्बिणीची शस्त्रक्रिया केली. ही पद्धत श्रीमंतांची चैन आहे, या मताशी त्यांचा कायम झगडा होता. लवकर कामावर परतण्याची निकड गरिबालाच जास्त असते, म्हणून ती गरिबाच्या दारी गेली पाहिजे, असं ते सांगत राहिले. २०२३ च्या जानेवारीत ते निवर्तले.

पण पद्धत दारोदार जाऊ लागली तसा जुना प्रश्नही तिच्यामागून आला. १९९० च्या आसपास जगभर सर्जन दोन दिवसांच्या शिबिरात ही विद्या पाहत आणि घरी जाऊन रोग्यावर करू लागत. पित्ताशयाशेजारी पित्तनलिका असते; तिला धक्का लागला तर रोग्याचं आयुष्य नासतं. उघड्या शस्त्रक्रियेत अशी इजा हजारात एक-दोघांना होई. दुर्बिणीच्या पहिल्या वर्षांत ते प्रमाण हजारात चार-पाचापर्यंत गेल्याचे अहवाल आले. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्याला १९९२ साली सांगावं लागलं, की नव्या सर्जनने आधी अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली ठरावीक संख्येने शस्त्रक्रिया केल्या पाहिजेत. हे सर्जन नवशिके नव्हते. पोट उघडून हजारो ऑपरेशनं केलेले हात होते. मग असं का व्हावं?

याचं उत्तर मला माझ्या भाच्याने दिलं. तो सर्जरीचं पुढचं शिक्षण घेतो. सुट्टीत घरी आला तेव्हा बुटांच्या खोक्याएवढी एक पेटी घेऊन आला. वरच्या झाकणाला रबर लावलेली दोन भोकं, आत एक छोटा दिवा आणि मोबाइलचा कॅमेरा. चित्र दिसणार समोरच्या पडद्यावर. भोकांतून दोन लांब चिमटे आत. आत दोन वाट्या, एकीत हरभरे. "मामू, एकेक दाणा उचला, दुसऱ्या हातात द्या आणि पलीकडच्या वाटीत टाका," तो म्हणाला. मी हात उजवीकडे नेला की चिमट्याचं टोक डावीकडे जाई. हात वर केला की टोक खाली. भोक हा जणू तराजूचा काटा, आणि त्याच्या अलीकडची हालचाल पलीकडे उलटी होते. पडद्यावरचं चित्र सपाट, त्यामुळे दाणा किती खोल आहे ते कळेना. चिमटा लांब, म्हणून हाताचा बारीकसा कंप टोकाशी मोठा होऊन दिसे. आणि बोटांना स्पर्श म्हणून जवळजवळ काहीच कळत नाही. जुन्या सर्जनचा हात जे वर्षानुवर्षं शिकला होता, त्यातलं निम्मं या भोकाशी उलटं होतं. एका अर्थाने त्याला पुन्हा मुळाक्षरांपासून गिरवायचं होतं आणि त्याला पाटीच कुणी दिली नव्हती.

ती पाटी म्हणजे ही पेटी. कुर्ट झेम यांनीच १९८० च्या दशकात सरावाची अशी पेटी तयार केली होती. पुढे कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील सर्जनांनी १९९० च्या दशकात पेटीतल्या सरावाचं मोजमाप बसवलं. त्यावरून अमेरिकेतल्या सर्जनांच्या संघटनेने २००४ साली एक परीक्षा सुरू केली. तिच्यात हातांची पाच कामं आहेत. खुंट्यांवरच्या वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात देत पलीकडे नेणं, जाळीच्या कापडावर आखलेलं वर्तुळ रेघ न सोडता कापणं, फास टाकून आवळणं, आणि दोन तऱ्हेने गाठ मारणं, एक बाहेर बांधून आत सरकवायची आणि दुसरी आतच बांधायची. प्रत्येक कामाला घड्याळ लावलेलं असतं आणि प्रत्येक चुकीला गुण कापले जातात. खुंट्यांचं काम ४८ सेकंदांत जमलं तर हात तयार झाला, असा सरावाचा मानदंड आहे. २००९-१० पासून तिथे शिक्षण पुरं करणाऱ्या सर्जनला पात्रतेसाठी ही परीक्षा द्यावीच लागते.

पेटीत किंवा संगणकावर शिकलेलं खऱ्या माणसावर उपयोगी पडतं का, हा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात सोळा शिकाऊ सर्जनांवर झालेला प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांनी संगणकी सिम्युलेटरवर ठरावीक पातळी गाठेपर्यंत सराव केला, निम्म्यांनी नेहमीसारखं शिक्षण घेतलं. सराव केलेल्यांचं पित्ताशय सोडवण्याचं काम २९ टक्के लवकर झालं. सराव न केलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा शेजारी चटका बसण्याची शक्यता पाचपट निघाली. साध्या पेटीबद्दलचे प्रयोग कोक्रेन या संस्थेने २०१४ साली एकत्र तपासले. नवशिक्यांचं कसब पेटीने वाढतं, हे त्यात स्पष्ट झालं. रोग्याला त्याचा थेट किती फायदा होतो, हे मात्र अजून तपासलं पाहिजे, असंही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवलं.

मोठ्या संगणकी सिम्युलेटरची किंमत कित्येक लाखांत जाते. तो एखाद्या मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थेत, कुलपाच्या खोलीत असतो, आणि शिकणाऱ्याची पाळी महिन्यातून एकदा येते. खोक्याची पेटी खाटेखाली मावते. रात्री जेवण झालं की अर्धा तास, पहाटे अर्धा तास. हात रियाजाने तयार होतो, हे तबलजीला सांगावं लागत नाही; सर्जनचंही तसंच आहे. २०२० च्या करोनाच्या साथीत रुग्णालयांतल्या नेहमीच्या शस्त्रक्रिया थांबल्या, तेव्हा देशोदेशीच्या शिकाऊ सर्जनांनी अशाच घरगुती पेट्यांवर हात चालता ठेवला.

स्वस्त म्हणजे हलकं, ही आपली एक समजूत आहे. ती खोडायला धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचं उदाहरण पुरेसं आहे. तिथले सर्जन डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी हर्नियाच्या शस्त्रक्रियेत परदेशी महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीचं निर्जंतुक केलेलं कापड वापरलं आणि सहकाऱ्यांसह २००३ साली त्याचे निष्कर्ष छापले. लोकांनी भुवया उंचावल्या असतील. पण २०१६ साली युगांडातल्या तीनशेवर रोग्यांवर मच्छरदाणीची जाळी आणि बाजारातली जाळी यांची रीतसर तुलना झाली, तेव्हा दोन्हींत लक्षात घेण्यासारखा फरक आढळला नाही. स्वस्त वस्तू पारखून घेतली, की तिला कमी लेखायचं कारण उरत नाही.

पारख हा शब्द आला म्हणून तेर आठवलं. तेर आपल्या जिल्ह्यातलं, गोरोबाकाकांचं गाव. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंनी काकांना थापटण्याचा उपयोग विचारला आणि मडकं कच्चं की पक्कं ते पाहा म्हणाल्या, ही आख्यायिका मी लहानपणापासून कीर्तनांत ऐकत आलो. काकांनी प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. नामदेव रागावले आणि त्यांचंच मडकं कच्चं निघालं. पुढे ते विसोबा खेचरांकडे गेले आणि भाजून निघाले. या गोष्टीत मला दोन गोष्टी दिसतात. एक, परीक्षा सगळ्यांची झाली. मोठं नाव म्हणून कुणाला सूट नव्हती. दुसरी, कच्चं मडकं कुणी फेकून दिलं नाही, ते भट्टीत गेलं. पेटीवरची परीक्षा अशीच असावी. ती कुणाला नापास करून घरी बसवायला नको. हात अजून कच्चा आहे हे रोगी टेबलावर येण्याआधी कळायला हवी.

पेटीला सगळं येतं असं मात्र नाही. तिच्यातून रक्त येत नाही, तिला भीती वाटत नाही, तिचा नवरा किंवा मुलगा बाहेर बाकावर बसलेला नसतो. कधी हात आवरायचा आणि सरळ पोट उघडायचं, हा विवेक ती शिकवत नाही. तो गुरूजवळ उभं राहूनच येतो. पण हात चाचपडण्याचा काळ तरी पेटीत सरतो, आणि गुरूजवळचा वेळ विवेक शिकायला उरतो.

आमच्या लहानपणी जिल्ह्यातला अवघड रोगी सोलापूरला न्यायचा, हे ठरलेलं असे. २०२२ मध्ये इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला मान्यता मिळाली आणि शंभर मुलामुलींची पहिली तुकडी आली. जिल्ह्याचं नाव तेव्हा उस्मानाबाद होतं, २०२३ पासून धाराशिव झालं; रोगी तेच आहेत. देशातल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून प्रत्येक महाविद्यालयात कौशल्याची प्रयोगशाळा असावी असा नियम आहे. नियमाची खोली बांधून होते, तिला रंगही लागतो. तिथला चिमटा रोज किती हातांतून फिरतो, हे विचारणारं कुणी तरी लागतं. ते आपण विचारलं पाहिजे. देणगी द्यायची इच्छा असणाऱ्यांनी पंख्यावर नाव घालण्याऐवजी दहा पेट्या द्याव्यात. एका पंगतीच्या खर्चात त्या होतील. आणि ऑपरेशनआधी सहीचा कागद पुढे आला, की नम्रपणे विचारावं, "डॉक्टरसाहेब, हे करणार कोण, आणि त्यांनी याआधी किती केलीत?" चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

सुश्रुताने कोहळा पुढे केला तो वैद्याची सोय म्हणून नव्हे. कोहळ्याला दुखत नाही, हे त्याला ठाऊक होतं. कोहळा आजही बाजारात मिळतो आणि खोकं तर दुकानदार फुकटही देतो. एवढं असताना कुणा यतीमाचं डोकं मागायचं कारण उरत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)